निद्रिस्त यंत्रांची भूक

विजेच्या बचतीची गोष्ट निघाली, की घरोघरी प्रथम दिव्याकडे बोट जाते. सुमनच्या घरीही तसेच झाले. विजेचे बिल पाहून आई म्हणाली, "सुमे, रात्री दोन-दोन तास दिवा जाळून वाचतेस. उद्यापासून दिवसाच वाचत जा." सुमन हिरमुसली. आजोबा मात्र म्हणाले, "सूनबाई, निकाल देण्यापूर्वी साक्षीदाराला विचारू या."

साक्षीदार म्हणजे दाराजवळचा मीटर!

त्या रात्री त्यांनी सर्व दिवे व पंखे बंद केले. फ्रिजचे बटणही थोडा वेळ बंद ठेवले. दूरदर्शन संच, सेट-टॉप बॉक्स आणि जुना म्युझिक प्लेअर ही यंत्रे रिमोटने आधीच बंद केलेली होती. तरीही मीटरवरील तांबडा दिवा दर मिनिटाला एकदा लुकलुकत होता.

रिमोटने बंद केलेले यंत्र खरोखर बंद होत नाही; ते केवळ निद्रिस्त होते. रिमोटची पुढील आज्ञा ऐकण्यासाठी त्याचा एक भाग सतत जागा राहतो, आणि जागणाऱ्याला वीज लागतेच.

आजोबांनी हिशेब मांडला. एक युनिट म्हणजे १००० वॅट-तास. त्या मीटरचा दिवा ३२०० वेळा लुकलुकला, की एक युनिट भरे. मिनिटाला एकदा, म्हणजे दिवसाला १४४० वेळा. म्हणजेच ४५० वॅट-तास. वर्षाचे झाले सुमारे १६४ युनिट. युनिटला ८ रुपये धरले, तर खर्च १३०० रुपयांहून अधिक! सुमनचा दिवा ९ वॅटचा. दोन तासांत तो १८ वॅट-तास वीज घेई. वर्षाचा खर्च अवघा ५३ रुपये. निद्रिस्त यंत्रे त्याच्या २५ पट वीज खात होती!

"उगीच पोरीला बोलले मी," असे म्हणत आईने भिंतीवरील बटणे बंद केली. मीटर शांत झाला. सुमनचा दिवा पुन्हा लागला.

या अपव्ययाची दखल जगानेही घेतली आहे. निद्रिस्त यंत्राने एक वॅटहून अधिक वीज घेऊ नये, असा विचार आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने १९९९ मध्ये पुढे मांडला. युरोपीय संघाने २०१० पासून अनेक घरगुती यंत्रांना तशी मर्यादा घातली.

थेंबे थेंबे तळे साचते, तसेच थेंबे थेंबे ते रितेही होते.

स्वाध्याय
१. आजोबांनी मीटरला साक्षीदार का म्हटले?
२. रिमोटने बंद केलेले यंत्र वीज का घेते?
३. वडीलधाऱ्यांच्या मदतीने आपल्या घरचा मीटर पाहून असाच हिशेब मांडा.