शंका-समाधान : लष्करात अधिकारी व्हावे का?

प्रश्न : मी बारावीत आहे. वडील सुभेदार म्हणून निवृत्त झाले. मी एनडीएत (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत) जावे अशी त्यांची फार इच्छा आहे. मलाही वर्दीची ओढ आहे. पण ही आवड माझी की घरच्या वातावरणाची, हेच कळत नाही. (विद्यार्थी, कराड)

उत्तर : ओढ कुठून आली याचा फार विचार करू नकोस. ते काम आपल्याला झेपेल का आणि आवडेल का, ते पाहा. खडकवासल्याच्या एनडीएतली तीन वर्षे आणि डेहराडूनच्या लष्करी अकादमीतले एक वर्ष संपवून पलटणीत रुजू होशील तेव्हा तू जेमतेम बावीस वर्षांचा असशील आणि हाताखालचा सुभेदार तुझ्या वडिलांच्या वयाकडे झुकलेला. एका जवानाच्या गावी जमिनीचा वाद पेटलेला, दुसऱ्याच्या बायकोचे बाळंतपण तोंडावर आलेले, आणि रजा एकालाच देता येणार. कोणाला द्यायची, हे तू ठरवायचे आणि दुसऱ्याला तूच समजावायचे. लांबच्या मार्चनंतर आधी जवानांच्या तळपायांचे फोड बघायचे, मग स्वतःचे बूट काढायचे. लढाईत पुढे राहणे ही याच जबाबदारीची पुढची पायरी. हे वाचून हुरूप येत असेल तर नक्की अर्ज कर. आणि वडिलांना एकच विचार : ‘तुमचा सर्वांत चांगला साहेब कोण, आणि का?’ त्यांच्या उत्तरात तुला हवे ते सापडेल.

प्रश्न : मी २३ वर्षांचा अभियंता आहे. आयटीत नोकरी करतो. एसएसबीत (अधिकारी निवडीच्या चाचण्यांत) पहिल्याच दिवशी बाहेर पडलो. पुन्हा प्रयत्न करावा का? शॉर्ट सर्व्हिस संपल्यावर पुढे काय? (वाचक, नागपूर)

उत्तर : पहिल्या दिवसाच्या चाळणीत बाहेर पडणे म्हणजे नालायक ठरणे नव्हे. पुढच्या खेपेला मात्र क्लासमधली पाठ केलेली उत्तरे घेऊन जाऊ नका. शब्दांच्या चाचणीत ६० शब्द असतात आणि प्रत्येकाला १५ सेकंद. तेवढ्या वेळात सोंग टिकत नाही. मानसशास्त्रज्ञ, गटचाचण्या घेणारा अधिकारी आणि मुलाखत घेणारा असे तिघे स्वतंत्रपणे पारखतात आणि शेवटी एकत्र बसून ताळा करतात.

आता व्यवहार. शॉर्ट सर्व्हिस १० वर्षांची, ती आणखी ४ वर्षे वाढवता येते. पण पेन्शन नाही. परमनंट कमिशनमध्ये पेन्शनसाठी २० वर्षे सेवा लागते. सातव्या वेतन आयोगानुसार लेफ्टनंटचे मूळ वेतन ५६,१०० रुपयांपासून, शिवाय १५,५०० रुपये मिलिटरी सर्व्हिस पे. पण दहा वर्षांनी बाहेर पडलात तर पस्तिशीच्या आसपास नवे काम शोधावे लागेल, हे आजच गृहीत धरा आणि घरच्यांनाही सांगा. केवळ सध्याच्या नोकरीचा कंटाळा आला म्हणून जात असाल, तर जाऊ नका.

प्रश्न : माझी मुलगी बारावी कला शाखेत आहे. तिला एनडीएत जायचे आहे. तिला जाता येईल का? मला फार भीती वाटते. (एक आई, लातूर)

उत्तर : जाता येईल. लष्करासाठी बारावीची कोणतीही शाखा चालते. लेखी परीक्षेत मात्र गणिताचा पेपर ३०० गुणांचा आहे, त्याची तयारी आजपासून हवी. एनडीएत मुलींना २०२२ पासून प्रवेश मिळतो आणि मे २०२५ मध्ये १७ मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली. पायदळ आणि रणगाडा दल अजून मुलींना खुले नाही. तोफखान्यात मात्र २०२३ पासून महिला अधिकारी आहेत.

ताई, तुमची भीती खरी आहे आणि ती खोटी ठरवणारा कोणताही युक्तिवाद माझ्यापाशी नाही. दर दोन-तीन वर्षांनी बदली, सणाला घरी नसणे, सीमेवरची पोस्टिंग आणि जिवाचा धोका, हे सगळे या नोकरीत आहे. ते मुलीपासून लपवू नका, तिच्याशी मोकळेपणाने बोला. एवढे ऐकूनही ती ठाम राहिली, तर तिला अडवू नका.