पुस्तकातील फेणे, पडद्यावरील फेणे



भा. रा. भागवत (१९१०–२००१) यांनी मराठी बालवाङ्मयाला ‘फास्टर फेणे’ दिला. फुरसुंगीचा हा बनेश फेणे पुण्याच्या विद्याभवनात शिकणारा, अंगाने किडकिडीत परंतु चपळ व निर्भय मुलगा. २०१७ साली दिग्दर्शक आदित्य सरपोतदार यांनी त्याच्यावर चित्रपट केला. त्यात अमेय वाघ यांनी साकारलेला फेणे तरुण झाला असून वैद्यकीय प्रवेशपरीक्षेसाठी पुण्यास येतो. तेथे ओळख झालेल्या एका परीक्षार्थीचा मृत्यू होतो. ती आत्महत्या ठरविली जाते. फेणेला ते पटत नाही. त्याच्या शोधातून परीक्षेतील गैरव्यवहार उघडकीस येतो.

रूपांतरात नायकाचे वय, काळ व कथानक बदलले. चौकस स्वभाव कायम राहिला. पाठलागाच्या दृश्यांना आपण टाळ्या वाजवतो. परंतु त्याचे खरे साहस त्याआधीच घडलेले असते. सर्वांनी मान्य केलेला निष्कर्ष पुराव्यावाचून स्वीकारण्यास तो नकार देतो. इतिहासाचा अभ्यासही येथूनच सुरू होतो.

परभणी जिल्ह्यातील शेतमजुराच्या लेकीजवळ ना जमीन असते, ना वशिला. पुढे जाण्यासाठी तिला परीक्षेचेच एक दार उघडे असते. तेथील एक जागा विकली गेली, तर एका घराची अख्खी पिढी मागे पडते. आपल्या वसतिगृहात रात्री उशिरापर्यंत अभ्यास करणाऱ्यांना हे वेगळे सांगावयास नको.

स्वाध्याय : (१) फेणेने कोणते पुरावे कोणत्या क्रमाने तपासले, ते लिहा. (२) एक फेणेकथा वाचून पुस्तकातील व पडद्यावरील फेणेची तुलना करा.