एक हात, मग एक पाय

गेल्या वर्षी पावसाळ्यात घसरून आमचा उजवा पाय मोडला. दीड महिना पाय प्लॅस्टरमध्ये होता. हाड जुळले, पण पायातले बळ गेले. मांडी वाळली. घरच्या चार पायऱ्या पाहिल्या तरी पोटात गोळा येई. आम्ही दिवसभर दारातल्या खुर्चीवर बसू लागलो.

असे का झाले? स्नायू वापरला नाही की तो वाळतो. मनातही भीती बसते. भीतीने माणूस हालत नाही, आणि न हालल्याने पाय आणखी दुबळा होतो.

डॉक्टरांनी दोन महिने घरी व्यायाम करून घेतला. मग आम्ही पुण्याला नातवाकडे गेलो. तो चढाईच्या भिंतीवर जातो. "आजोबा, तुम्ही पण चला," तो म्हणाला. आम्हांला हसू आले. डॉक्टरांना विचारले, तर ते म्हणाले, "जा, पण वरून उडी मारू नका."

त्या भिंतीवर धरायला रंगीत खुंट्या असतात. खाली जाड गादी असते. बुटक्या भिंतीवर दोरावाचून चढतात. त्याला बोल्डरिंग म्हणतात.

शिकवणाऱ्याने दोन नियम सांगितले. पहिला : दोन हात, दोन पाय, त्यांतले तीन टेकलेले ठेवा, एकच हलवा. दुसरा : हातांनी अंग ओढू नका, पायांनी वर उचला. माडावर चढणारा माणूस हेच करतो.

पहिल्या दिवशी आम्ही दोनच फूट चढलो आणि उतरलो. पण चढताना पुढच्या खुंटीवाचून दुसरे काही सुचले नाही. भीतीसुद्धा विसरलो! जर्मनीत एर्लांगेन येथे उदासीच्या रोग्यांना असे चढायला शिकवून पाहिले. त्यांची उदासी कमी झाली. तो अभ्यास २०१५ साली छापला गेला.

गावात भिंत नसेल, तर जिना आहे. कठडा धरा. चढताना चांगला पाय आधी टाका. उतरताना दुखरा पाय आधी टाका. उतरताना गुडघ्यावर भार अधिक येतो, घाई नको. छातीत दुखले किंवा घेरी आली, तर लगेच थांबा आणि डॉक्टरांना दाखवा.

या संक्रांतीला आम्ही पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढलो. चार ठिकाणी बसलो, पण चढलो. दारातली खुर्ची आता रिकामी असते.

सांगा पाहू :
१. जिना उतरताना कोणता पाय आधी टाकावा?
२. तुमच्या घरी कोणी पडून आजारी आहे का? त्याला यातले काय सांगाल?