हॅम्बुर्गचा स्मृतिस्तंभ

चंद्रपूर-गडचिरोलीच्या अरण्यात संकट सहसा चाहूल दिल्यावाचून येत नाही. वाघ निघाला की झाडावरचे वानर ओरडते, चितळ सावधगिरीची हाक देते आणि वाटसरू जागच्या जागी थबकतो. परंतु ज्याला रूप नाही, गंध नाही आणि ध्वनीही नाही, असेही एक संकट आहे. ते म्हणजे क्ष-किरणांचा अतिरेकी मारा. त्याविषयी मानवजातीला सावध करणाऱ्या एका थोर वैद्याची ही हकीकत आहे.

८ नोव्हेंबर १८९५ रोजी जर्मनीतील विल्हेल्म राँटगेन या शास्त्रज्ञाला क्ष-किरणांचा शोध लागला. शरीर न चिरता आतले हाड दिसू लागले, तेव्हा सारे जग हर्षभरित झाले. हे किरण घातक असतील, अशी शंका फार थोड्यांना आली. नळी नीट चालते की नाही हे पाहण्यासाठी कित्येक जण स्वतःचाच हात किरणांपुढे धरीत. एडिसनचा साहाय्यक क्लॅरन्स डॅली हा त्यांपैकीच एक. त्याचे हात भाजल्यासारखे झाले; पुढे ते कापावे लागले आणि १९०४ साली त्याचा अंत झाला. एडिसनने या किरणांवरील आपले काम सोडून दिले.

हॅम्बुर्ग येथील डॉ. हाइनरिश आल्बर्स-शेनबर्ग यांनी मात्र हे काम सोडले नाही. किरणांचा प्राण्यांवर काय परिणाम होतो, हे त्यांनी तपासले. किरणांच्या माऱ्याने ससे व गिनीपिग यांची प्रजननशक्ती नष्ट होते, हे त्यांनी १९०३ साली दाखवून दिले. रुग्ण आणि वैद्य या दोघांचेही रक्षण झाले पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. परंतु धोका उमगण्यापूर्वीच त्यांच्या देहाची हानी होऊन चुकली होती. त्यांचा डावा हात कापावा लागला. तरीही ते कार्यरत राहिले आणि १९२१ साली निधन पावले.

त्यांच्या व्यवसायबंधूंनी ही स्मृती पुसू दिली नाही. ज्या सेंट गेओर्ग रुग्णालयात त्यांनी सेवा केली, त्याच्याच आवारात ४ एप्रिल १९३६ रोजी एका स्मृतिस्तंभाचे अनावरण झाले. क्ष-किरण व रेडियम यांच्यावर काम करताना प्राणास मुकलेल्या दीडशेहून अधिक व्यक्तींची नावे त्या वेळी नोंदविण्यात आली; पुढे ती साडेतीनशेच्या वर गेली. वैद्य, शास्त्रज्ञ, तंत्रज्ञ, परिचारिका असे सर्व त्यांत आहेत. पहिल्या महायुद्धात परस्परांशी लढलेल्या राष्ट्रांची माणसे तेथे एकत्र स्मरली जातात.

मुलांनो, या माणसांच्या दुःखातून जगाला तीन नियम मिळाले : किरणांजवळ कमीत कमी वेळ थांबावे, शक्य तितके दूर राहावे आणि मध्ये शिशासारख्या जड धातूचा आडोसा ठेवावा. किरणांच्या उगमापासूनचे अंतर दुप्पट केले, तर मारा सुमारे एकचतुर्थांश होतो. आपल्या देशात हे नियम पाळले जातात की नाही, हे पाहण्यासाठी १५ नोव्हेंबर १९८३ रोजी अणुऊर्जा नियामक मंडळ स्थापन झाले. त्याची कचेरी मुंबईस अणुशक्तिनगरात आहे.

हाड मोडले म्हणून तुम्ही रुग्णालयात गेलात, तर क्ष-किरण खोलीतील तंत्रज्ञाच्या छातीवर एक लहानसा बिल्ला दिसेल. त्याच्या अंगावर किती किरण पडले, याचा हिशेब तो बिल्ला ठेवतो. ‘चित्र’ घेताना तंत्रज्ञ आडोशामागे जातो, तो भित्रा म्हणून नव्हे. तुमचे चित्र क्षणात संपते. त्याला मात्र दिवसभर तेच काम करावयाचे असते. त्याने पाळलेला प्रत्येक नियम हे हॅम्बुर्गच्या त्या नावांना केलेले वंदनच होय.

शब्दार्थ
चाहूल – येण्याची खूण. व्यवसायबंधू – एकाच व्यवसायातील सहकारी. अनावरण – पडदा दूर करून खुले करणे.

स्वाध्याय
१. अरण्यातील संकट आणि क्ष-किरणांचे संकट यांत कोणता भेद आहे?
२. आल्बर्स-शेनबर्ग यांनी प्राण्यांवरील प्रयोगांतून काय दाखवून दिले?
३. तंत्रज्ञ आडोशामागे का जातो?
४. तुमच्या गावात इतरांच्या रक्षणासाठी झटणाऱ्या एका व्यक्तीविषयी दहा ओळी लिहा.