नवे बांधलेले इंजिन : पहिले पन्नास तास



आपल्या मावळात भाताची चिखलणी उरकली की ट्रॅक्टरला जरा उसंत मिळते. ऊस वाहणारे बरेच ट्रॅक्टर याच दिवसांत इंजिनकामाला जातात. लायनर, पिस्टन, रिंगा, बेअरिंगा नव्या पडतात आणि खिसा रिकामा होतो. पण हा पैसा सार्थकी लागतो की मातीत जातो, हे पहिल्या पन्नास तासांत ठरते.

मागे एका सभासदाने असेच काम करून घेतले. "आठ दिवस हळू चालवा," एवढेच मिस्त्रीने सांगितले. त्यांनी इमानदारीने रोज चार तास ट्रॅक्टर अंगणात नुसता मंद चालू ठेवला. हंगाम लागला तर ट्रॅक्टर ऑइल पिऊ लागला, निळा धूर टाकू लागला. हेड उघडले, तर लायनर काचेसारखे गुळगुळीत! पुन्हा खर्च, तोडलेला ऊस फडात वाळतोय आणि टोळी बसून. माणसाची हयगय नव्हती, सांगणेच अर्धवट होते.

असे का होते? नव्या लायनरच्या आतून बारीक, तिरप्या, एकमेकींना छेदणाऱ्या रेघा असतात. त्या ऑइल धरतात आणि त्यांच्यावर घासूनच रिंगा बसतात. रिंग लायनरला घट्ट दाबली जाते ती मुख्यतः जळत्या वायूच्या दाबाने, आणि हा दाब इंजिनावर भार असेल तरच मिळतो. बिनभाराने रिंगा बसत नाहीत, ऑइल करपून रेघा बुजतात. उलट पहिल्याच दिवशी दोन ट्रॉल्या भरून चढाला घातले, तर इंजिन तापून पिस्टन जाम होतो. टाकी लावून आणलेले जाते आपण रिकामे फिरवत नाही, अन् त्यावर लगेच घरचे पीठही दळत नाही. आधी कोंडा दळतो. तसेच हे.

म्हणून एवढे करा :

१) पहिल्यांदा सुरू करण्याआधी डिझेल बंद ठेवून स्टार्टर थांबून-थांबून मारा. ऑइलच्या दाबाचा काटा उचलला की मगच डिझेल सोडा.

२) सुरू झाल्यावर गळती, पाणी, ऑइल बघा आणि थोड्याच वेळात हलक्या कामाला लावा.

३) निम्म्या ते पाऊण भाराचे काम द्या. हलकी ट्रॉली, उथळ नांगरट चालेल. वेग कमी-जास्त करत राहा. एकाच वेगावर तासन्‌तास नको.

४) इंजिन घुसमटतेय असे वाटले की लगेच खालचा गिअर टाका.

५) ऑइल रोज काडीने बघा. पन्नास तासांनी ऑइल व फिल्टर बदला, कारण पहिल्या ऑइलात धातूचा कीस उतरतो. हेडचे बोल्ट व टॅपेट मिस्त्रीकडून तपासून घ्या. कंपनीच्या पुस्तिकेत वेगळे लिहिले असेल तर तेच प्रमाण.

६) एअर फिल्टर साफ ठेवा. फडातली धूळ नव्या रिंगा खाऊन टाकते.

नदीकाठच्या डिझेल पंपालाही हाच नियम आहे.

मोळी पडायच्या आदल्या दिवशी ट्रॅक्टर गॅरेजमधून आणू नका. हे पन्नास तास हाताशी राहतील अशा बेताने काम काढा. नवे इंजिन लाडाने बिघडते अन् धाकानेही. त्याला बेताचे काम द्या, म्हणजे ते पुढे कित्येक हंगाम साथ देईल.

— ऊस विकास अधिकारी