वाटेंत भुंकणारें लहान कुत्रें

शेतकऱ्याच्या दारीं कुत्रें असावयाचेंच. परंतु राखणीचें थोरलें कुत्रें आणि घरांत वाढलेलें लहान कुत्रें यांच्या स्वभावांत फार अंतर असूं शकतें, हें आमच्या ध्यानीं उशिरा आलें. महसूल खात्यांतील कारकुनी संपवून आम्ही गांवीं राहावयास आलों, तेव्हां नातवानें एक लहान कुत्रा आणला. त्याचें नांव मोत्या. वजन जेमतेम ६ किलो. घरांत अगदीं गरीब. पण मळ्याच्या वाटेवर दुसरें कुत्रें दिसलें कीं, दोरी ताणून घसा बसेपर्यंत भुंके.

आम्हीं प्रथम त्यास दरडाविलें, मग दोरीस हिसके दिले व एक दोन वेळां काठीही मारली. परिणाम उलटा झाला. पूर्वीं २० पावलांवर भुंकणारा मोत्या ६० पावलांवरूनच भुंकूं लागला. दुसरें कुत्रें दिसलें कीं मान आवळते व मार बसतो, एवढीच गांठ त्याच्या मनांत पक्की झाली.

पुढें दिवाळीनंतर शेजारच्या रानांत धनगरांनीं मेंढ्या बसविल्या असतां मोत्या गळपट्ट्यांतून मान काढून त्यांच्या कुत्र्यांवर धांवला. झोंबी सोडविण्यास आम्हीं मध्यें हात घातला आणि चावा आम्हांसच बसला. जखम १५ मिनिटें साबणानें वाहत्या पाण्याखालीं धुतली व त्याच दिवशीं रुग्णालयांत जाऊन लस घेण्यास आरंभ केला. (जखमेवर चुना, मिरची लावण्याची जुनी चाल सोडून द्यावी. कुत्र्यासही दरवर्षीं लस टोंचवावी.) घरच्या मंडळींचें मत पडलें कीं, मोत्यास कायमचें गोठ्यांत बांधावें. परंतु रात्रंदिवस बांधलेलें कुत्रें अधिकच बिथरतें. म्हणून आम्हीं थोडी मुदत मागून घेतली.

असें भुंकणें बहुधा शौर्याचें नसून भीतीचें असतें. मोकळें कुत्रें भ्यालें तर पळून जातें. दोरीनें बांधलेल्यास ती वाट बंद, म्हणून तें आरडाओरड करून दुसऱ्यास दूर घालवूं पाहतें. रशियांतील शास्त्रज्ञ पाव्हलॉव्ह, ज्यांस पचनक्रियेवरील शोधांबद्दल १९०४ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें, त्यांनीं दाखविलें कीं, एखाद्या खुणेमागून वारंवार अन्न आलें म्हणजे पुढें नुसत्या खुणेनेंही कुत्र्याच्या तोंडास पाणी सुटतें. हीच युक्ति येथें उपयोगी पडते.

प्रथम गळपट्टा काढून छातीवरून बांधावयाचा पट्टा घेतला. लहान कुत्र्याची श्वासनलिका नाजूक असते, तीस हिसका सोसत नाहीं. खिशांत उकडलेल्या अंड्याचे हरभऱ्याएवढे तुकडे ठेवले. दूरवर कुत्रें दिसलें, मोत्यानें त्याकडे पाहिलें, पण अद्याप भुंकला नाहीं, कीं लागलीच एक तुकडा द्यावयाचा. तें दिसेनासें झालें कीं देणें बंद. क्रम चुकूं देऊं नये: आधीं कुत्रें, मग खाऊ. तुकडा समोर धरूनही त्यानें तोंड लाविलें नाहीं तर आपण फार जवळ आलों असें समजून मागें फिरावें. शेपूट ताठ होणें, नजर खिळणें, भूक नसतां ओठ चाटणें हीं भुंकण्यापूर्वींचीं लक्षणें. समोरासमोर चालत जाणें कुत्र्यांस आव्हानासारखें वाटतें. यास्तव बांध सोडून वळसा घ्यावा, नाहींतर उभ्या ट्रॉलीच्या आडोशास थांबावें. दोरी सदैव सैल असावी.

जुन्या संवयीप्रमाणें आम्हीं रोजची नोंद ठेविली. आरंभीं ७० पावलें अंतर लागे. महिन्यानें ४०, तिसऱ्या महिन्याअखेर १५. मध्यें एकदां एक मोकाट कुत्रें अंगावर आलें आणि अंतर पुन्हां ५० वर गेलें. तेव्हां दोन दिवस मोत्यास बाहेर नेलें नाहीं. अंगणांतील कडब्यांत तुकडे विखरून त्यास हुंगून शोधावयास लाविलें. हुंगण्यानें कुत्रें शांत होतें. शांत असलेलें कुत्रें एकाएकीं असें वागूं लागलें, तर मात्र आधीं कान, दांत, सांधे पशुवैद्याकडून तपासून घ्यावे. दुखण्यानेंही कुत्रें चिडतें.

आतां मोत्या कुत्रें दिसलें कीं आमच्या खिशाकडे पाहतो. पारावरील काळ्या कुत्र्यापुढें मात्र अद्याप आमचा उपाय चालत नाहीं. तें तेथें असलें कीं आम्ही दोघे देवळामागच्या वाटेनें मळ्यास जातों.