घरी हेडफोन ॲम्प्लिफायर करायचा तर किती पडतो?

सुटे भाग साधारण साडेतीनशे-चारशे रुपयांत येतात. हत्यारे घरात नसतील तर पहिला नग बाराशे ते दीड हजारांवर जातो. पुढे रोज तीन तास ऐकलेत, तर वर्षभरातल्या बॅटऱ्याच सुट्या भागांपेक्षा महाग पडतात. एवढे कळूनही करावासा वाटत असेल तर पुढे वाचा.

आधी गरज तपासा. मोबाइलला लावायचे पाचशे-हजारांचे इअरफोन बहुधा १६ ते ३२ ओहमचे असतात. फोनची ताकद त्यांना पुरून उरते. मध्ये ॲम्प्लिफायर घातलात तर गाण्याबरोबर खरखरही वाढेल. २५० किंवा ३०० ओहमचा, म्हणजे सेन्हायझर एचडी ६०० सारखा मोठा हेडफोन असेल तर गोष्ट वेगळी. तरीही अपेक्षा बेताची ठेवा. चांगला यूएसबी-सी डोंगल एक व्होल्टच्या आसपास देतो, नऊ व्होल्टच्या बॅटरीवरचा हा ॲम्प्लिफायर दोनच्या आसपास. व्होल्टेज दुप्पट झाले की वाढ होते फक्त ६ डेसिबलची. असा डोंगल हजाराच्या आतबाहेर मिळतो आणि त्याला वेगळी बॅटरी लागत नाही. थोडक्यात, पैसे वाचवायला हे करू नये. हात बसावा, स्वतः केलेले वाजताना ऐकावे म्हणून करावे.

नवशिक्याने धरायचे सर्किट म्हणजे ‘सीमॉय’. चू मोय यांनी १९९०च्या दशकाच्या अखेरीस ते मांडले आणि जगभरच्या हौशी मंडळींनी ते पेपरमिंटच्या पत्र्याच्या डब्यांत बसवले. एक आठ पायांचा आयसी, नऊ रेझिस्टर, चार कंडेन्सर, दुहेरी व्हॉल्यूम कंट्रोल, ३.५ मिमीचे दोन सॉकेट, स्विच, एलईडी आणि झिरो पीसीबीचा तुकडा, एवढाच माल. रेझिस्टर रुपया-दोन रुपयांना, कंडेन्सर पाच-दहाला, व्हॉल्यूम चाळीसच्या आत, सॉकेट पंधरा-वीसला. आयसी थेट पीसीबीवर लावू नका; पाच रुपयांचा बेस घेतलात तर उद्या दुसरा आयसी घालून पाहता येतो.

पैसे वाया जातात ते आयसीत. दुकानदार बहुधा एनई ५५३२ पुढे करेल. ऑडिओत त्याचे नाव मोठे आहे, पण या सर्किटमध्ये तो बसत नाही. त्याच्या इनपुटला लागणारा करंट १०० किलोओहमच्या रेझिस्टरमधून जातो आणि हेडफोनच्या बाजूला नको तेवढा डीसी व्होल्टेज उभा राहतो. टीडीए २८२२ तर स्पीकरसाठी ठीक, हेडफोनवर त्याची खरखर सहन होत नाही. पंधरा-वीस रुपयांचा टीएल ०७२ घ्या आणि शिका. जमले की ओपीए २१३४ घाला. अस्सल नग तीनशे-चारशेच्या घरात आहे. सत्तर-ऐंशी रुपयांत कोणी देत असेल तर वर छापलेले नाव खरे धरू नका.

मूळ आराखड्यात आवाजाची वाढ अकरा पट आहे. मोबाइलसाठी ती फार होते, व्हॉल्यूम जरा फिरवला की कान बधिर. १० किलोओहमच्या दोन रेझिस्टरच्या जागी २.२ किलोओहमचे लावा. वाढ सव्वातीन पटीवर येते. खर्च तोच.

आता माल आणायचा कुठून? अहिल्यानगरपुरते सांगायचे तर हा क्षेत्रफळाने राज्यातला सर्वांत मोठा जिल्हा, त्यामुळे उत्तर गावागणिक बदलते. साउंड सिस्टिम दुरुस्त करणाऱ्यांकडे आणि त्यांना माल देणाऱ्या दुकानांत व्हॉल्यूम, सॉकेट, कंडेन्सर सहसा मिळतात. अडते ते आयसीपाशी. त्यासाठी अहिल्यानगरहून पुण्याच्या बुधवार पेठेत जायचे तर एकशेवीस किलोमीटर. एसटीचे येण्याजाण्याचे भाडेच सुट्या भागांच्या किमतीला भिडते. संगमनेर-अकोले भागातल्या माणसाला नाशिक जवळ पडते. एवढ्यासाठी खास फेरी करू नका, कुरियरने मागवा. पुण्याच्या रोबू सारख्या ऑनलाइन दुकानात सुटे नग मिळतात. फक्त १८ टक्के जीएसटी धरलाय की वेगळा, आणि कुरियरचे किती, हे पैसे भरण्याआधी बघा. तिघाचौघांनी मिळून ऑर्डर दिलीत तर कुरियर वाटले जाते आणि रेझिस्टरचे पाकीटही.

हत्यारांत २५ वॉटचा सोल्डरिंग आयर्न दोन-तीनशेला, कथलाची तार शंभर-दीडशेला, डिसोल्डर पंप शंभरच्या आत, कटर तेवढ्यालाच, डिजिटल मल्टिमीटर अडीचशे-तीनशेला. घरात कोणी लोणी, संगमनेर, कोपरगाव किंवा विळद घाटातल्या इंजिनिअरिंग कॉलेजात असेल, तर प्रयोगशाळेत परवानगी मागून पाहा. आठ-नऊशे रुपये तिथेच वाचतात.

बॅटरीत महाग तेच चांगले असे नाही. अल्कलाइन नऊ व्होल्ट अडीचशेच्या आसपास, टीएल ०७२ वर पाऊणशे तास जाते. ओपीए २१३४ दुप्पट करंट खातो, तिथे चाळीसेक तास. साधी कार्बन बॅटरी तीस-चाळीस रुपयांना मिळते आणि निम्म्याच्या आसपास चालते. रुपयामागे तीच स्वस्त. मात्र ती गळते. न वापरता ॲम्प्लिफायर ठेवून द्यायचा असेल, उन्हाळ्यात तर नक्कीच, बॅटरी काढून ठेवा. चार्ज होणारी निकेल बॅटरी आणि चार्जर मिळून सातशेच्या पुढे जाते, ती नंतर बघू. यूएसबीने चार्ज होणारी नऊ व्होल्टची बॅटरी टाळा. तिच्या आतल्या कन्व्हर्टरचा गोंगाट हेडफोनमध्ये उतरू शकतो.

डबा विकत घेण्याची गरज नाही, शाळेची पत्र्याची कंपासपेटी उत्तम. पण या सर्किटचा ग्राउंड म्हणजे बॅटरीचे निगेटिव्ह टोक नव्हे; दोन रेझिस्टरनी बॅटरी मधोमध विभागून तो केलेला असतो. धातूचे सॉकेट पत्र्याला लागले आणि बॅटरीचे टोकही लागले, तर अर्धा सप्लाय शॉर्ट होतो. म्हणून पेटीच्या आत जाड पुठ्ठा चिकटवा आणि बॅटरीला टेप गुंडाळा.

सगळे जोडून झाले तरी हेडफोन लगेच लावू नका. मल्टिमीटर डीसी मिलिव्होल्टवर ठेवून हेडफोनच्या सॉकेटच्या दोन्ही चॅनेलवर मोजा. २० मिलिव्होल्टच्या आत असेल तर आधी स्वस्तातला इअरफोन लावा, मग मोठा. ५० च्या वर दिसला तर बॅटरी काढा, आयसी उलटा बसलाय का आणि कुठे ड्राय सोल्डर राहिलाय का ते पाहा.